दीपगृहावरून हात दिसतो का

आमच्या आईला दीपगृहावर चढायचं होतं. बस, एवढंच. सोनं नको, पैठणी नको, काशीयात्रा तर नकोच नको. आणि आम्ही राहायला कुठे, तर बंगळुरात! इथे बागा आहेत, तलाव आहेत, गल्लोगल्ली डोसे आहेत, पण समुद्र म्हणाल तर कुठल्याही बाजूने गाठायचा झाला तरी अख्खी रात्र बसमध्ये अंग आंबवून घ्यायचं. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. नोकरी पक्की, क्वार्टर पक्कं, आणि समुद्र नाही हेही तितकंच पक्कं.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला एकटीलाच माहीत होतं. तिने सांगितलं तेही पावटे सोलताना. थंडी पडली की बंगळुरात पावट्यांचा नुसता पूर येतो. बाई दारावर ‘अवरेकाई, अवरेकाई’ ओरडत यायची, आई तिच्याशी ‘स्वल्प कम्मी माडी’ करत कितीतरी वेळ घासाघीस करायची, आणि मग तो ढीग सोलायला मला बसवायची. आधी शेंगा सोलायच्या, मग दाणे भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून टुचकन बाहेर काढायचा. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला याहून वाईट शिक्षा कुणी शोधून काढली नसेल. मी कुरकुरत होते, म्हणूनच तिने बोलायला काढलं असणार. नाहीतर आई स्वतःबद्दल बोलणाऱ्यांतली नव्हे.

तिचं माहेर रत्नागिरीच्या बाजूला, अगदी समुद्राकाठी. गावाच्या टोकाला खडकावर दीपगृह. दिवेलागणीला तिकडे दिवा लागला की ही परकरी पोर पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, जाऊन उभी राहायची आणि वर बघून हात हलवायची. रोज. भाऊ चिडवायचे, “तो दिवेवाला काय तुला बघतोय? तो बोटींना बघतो!” वर जाऊन एकदा खात्री करून घ्यावी म्हटलं, तर पोरीबाळींनी तिकडे फिरकायचं नाही असा तिच्या वडिलांचा दंडक. मग लग्न झालं, ती बंगळुरात आली, भाऊ मुंबईला गेले, घर विकलं, माहेरच संपलं. प्रश्न मात्र तसाच राहिला. खाली पुळणीवर कुणी हात हलवला, तर तो वरून दिसतो का?

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच. नसेल दिसत तर नसेल. पण कळायला नको का गं? इतकी वर्षं हात हलवला मी.”

मला आधी हसू फुटलं, आणि मग एकदम इतकी माया दाटून आली की पुढचे पावटे मी तोंडातून अवाक्षर न काढता सोलले.

त्यात तिचे गुडघे बोलायला लागले होते. बसवनगुडीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की बाई, जिने जितके टाळाल तितके बरे, पुढेपुढे तर जमायचंच नाही. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. बाबांच्या कानावर मी हे हळूच घातलं. माझं म्हणणं फक्त दीपगृहापुरतं होतं. हात हलवायचं काही बोलले नाही, ते तिचं तिने सांगायचं.

“त्यात काय बघायचंय?” बाबा म्हणाले. “जिना चढायचा आणि तोच जिना परत उतरायचा.”

आमचे बाबा असेच. कारखान्यात माल तपासून शिक्का मारायचं काम, त्यामुळे घरातही प्रत्येक गोष्टीतलं वैगुण्य आधी दिसायचं. खरी गोम वेगळीच होती. त्यांना उंचीची भोवळ यायची. आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, पण त्या गॅलरीच्या कठड्याला हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. सकाळी ते कारखान्याच्या बसला निघाले की आई गॅलरीत उभी राहायची, ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत. त्यांनी एकदा तरी मान वळवून वर बघितलं असेल तर शपथ. डबा धरलेला हात खाली, मान सरळ, तरातरा निघाले. मला चीड यायची. आई म्हणायची, “अगं, बस चुकेल त्यांची.”

तर अशात आमच्या मराठी मंडळाने सहल काढली. मंडळ म्हणजे कारखान्यातली आणि आसपासची मराठी कुटुंबं. गणपती, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि वर्षातून एक सहल, असा आमचा संसार. सहल म्हणजे नंदी हिल्स, नाहीतर म्हैसूर. माकडंसुद्धा आम्हाला ओळखायला लागली होती. त्या वर्षी सेक्रेटरीकाकांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, त्यांनी हळदीकुंकवातच जाहीर केलं: उडुपीच्या अलीकडचा समुद्रकिनारा, तिथली बाग आणि जुनं इंग्रजी अमदानीतलं दीपगृह! आई वाण वाटत होती. तिच्या हातून तिळगुळाची वाटी कलंडली.

आनंदाच्या भरात तिने एक घोडचूक केली. “पुऱ्या माझ्याकडे!” असं सगळ्यांदेखत बोलून बसली. सबंध बसच्या तिखटमिठाच्या पुऱ्या. आता यात चूक कसली, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण आमच्या मंडळात ज्याने काम केलं त्याचा शेवटी नारळ देऊन सत्कार व्हायचा, आणि सत्कार व्हायचा आभारप्रदर्शनात, आणि आभारप्रदर्शन संपल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. एक वेळ जेवण राहिलं तर चालेल, पण आभार राहिले तर माणसं वर्षभर बोलत नाहीत. सेक्रेटरीकाका तर आभार मानायला लागले की थेट मंडळाच्या स्थापनेपासून सुरुवात करायचे.

शुक्रवारी रात्री बस निघाली. भेंड्या, भडंग, कुणाचं तरी बाळ, घाटातली वळणं, आणि दरीकडची खिडकी नको म्हणून तीनदा जागा बदललेले बाबा. पहाटे कधीतरी डोळा लागला. जाग आली ती आईच्या कोपराने.

“वास आला?” ती कुजबुजली.

मला फक्त डिझेलचा वास येत होता. पण तिचा चेहरा बघून मी म्हटलं, “हो हो, आला.” पुढच्या वळणावर माडांमागून तो निळा पट्टा दिसला आणि अख्खी बस ओरडली. आई नाही ओरडली. तिने फक्त माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

काय सकाळ होती ती! कारखान्यात टाय लावून फिरणारे एकेक साहेब पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून लाटांत उड्या मारत होते. बायकांनी आधी “साडी भिजेल” म्हणून काठावर कवायत केली, आणि मग एका मोठ्या लाटेने प्रश्नच मिटवला. आई चपला काढून ओल्या वाळूतून अशी चालत सुटली, की हिचे गुडघे दुखतात हे कुणाला खरं वाटलं नसतं. वाळूत बोट खुपसून खेकड्यांची बिळं दाखवत होती, शिंपले ओळखत होती, लाट मोठी येणार की छोटी ते आधीच सांगत होती आणि दर वेळी बरोबर ठरत होती. ही बाई बंगळुरात कुठे ठेवून आली होती हे सगळं? मी तिच्यामागून नुसती हसत धावत होते.

आणि ते दीपगृह! पाण्याला लागून एक भलाथोरला काळा खडक, त्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं. खडकातच खोदलेल्या पायऱ्या. आई सकाळपासून चार वेळा त्याच्या पायथ्याशी जाऊन आली. दार बंद. उघडायचं ते चहाच्या वेळेला, आणि ऊन उतरलं की वर जाणं बंद, कारण मग दिव्याची तयारी. “म्हणजे वेळ तसा थोडाच,” आई म्हणाली, आणि तिने सेक्रेटरीकाकांकडे अशा नजरेने पाहिलं की मला धडकीच भरली.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे, म्हणजे प्रत्येक गोष्ट उशिरा, पार पडत गेला. सुरूच्या झाडांखाली सतरंज्या. जेवणं. पुऱ्यांचं कौतुक. मग वामकुक्षी, कारण जेवणानंतर आडवं झालं नाही तर मराठी माणसाला अन्न कुठलं पचायला! मग संगीत खुर्ची. खुर्च्या नव्हत्या म्हणून गोल करून चपला मांडल्या, आणि शेवटी कुणाची चप्पल कुठली यावरून आणखी वेळ गेला. मग चहा. तिकडे दीपगृहाचं दार उघडलेलं मला दिसत होतं. माणसं वर जात होती, खाली येत होती. आईही बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

आणि सेक्रेटरीकाका माइक घेऊन उभे राहिले. हो, माइक. बॅटरीवरचा भोंगा खास बंगळुराहून आणला होता. समोर सतरंजीवर नारळांची रांग.

त्यांनी बसमालकाचे आभार मानले. ड्रायव्हरचे मानले, ड्रायव्हर झोपला होता त्याला उठवून मानले. सतरंज्या देणाऱ्यांचे, चहाची किटली देणाऱ्यांचे. मग म्हणाले, “आणि एका व्यक्तीला विसरून चालणार नाही,” आणि मीठ आठवणीने आणलं म्हणून एका काकूंचे. मिठाचे! त्या मिठाचं महत्त्व सांगताना ते जे सुरू झाले ते थांबेनातच. सुरूच्या सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. मी आईला कोपराने ढोसलं, “चल ना!” ती म्हणाली, “अगं, माझं नाव यायचंय. उठून गेले तर काय म्हणतील?” पण तिचा आवाज रडवेला झाला होता. बाबा शेजारी ताठ बसलेले. ते पुटपुटले, “थांबा की. संपेलच आता.” मला वाटलं, हा भोंगा उचलून समुद्रात भिरकावून द्यावा.

आणि मग आमची आई उठली.

सभेत कधी तोंड न उघडणारी, हळदीकुंकवात सर्वांत मागे बसणारी आमची आई सरळ चालत पुढे गेली. सेक्रेटरीकाकांना वाटलं हिला दोन शब्द बोलायचेत, त्यांनी कौतुकाने माइक पुढे केला. आईने वाकून रांगेतला एक नारळ उचलला, कपाळाला लावला आणि माइकमध्ये म्हणाली, “माझा मी घेतला. फार फार धन्यवाद. येते.”

क्षणभर सगळे गार! मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून सगळ्यांनीच वाजवल्या. तोवर आई नारळ कडेवर घेऊन वाळूतून निघालीसुद्धा. मी चपला हातात घेऊन तिच्यामागे. मागून बाबांचा आवाज आला, “अगं! अगं, कुठे निघालात? गुडघे!” पण भोंग्यावर परत मीठ सुरू झालं होतं, त्यात तो बुडून गेला.

खडकाच्या पायऱ्या ती मधे एकदाही न थांबता चढली. दारापाशी तिथले कर्मचारी कुलूप हातात घेऊनच उभे होते. त्यांनी आईचा चेहरा पाहिला, मग नारळ पाहिला, आणि त्यांना वाटलं ही दीपगृहाची पूजा करायला आलीय. “पूजेना?” त्यांनी अदबीने विचारलं.

“पूजे इल्ला,” आई धापा टाकत म्हणाली. “मेले होगबेकु.” वर जायचंय.

“टाइम आयितु, अक्का.” वेळ संपली.

इतकी वर्षं भाजीवालीशी घासलेली तिची कानडी त्या दिवशी कामी आली. “स्वल्प, अण्णा,” ती म्हणाली. “स्वल्पच.” आणि दोन बोटांत एवढ्ढंसं अंतर दाखवलं. ते हसले. त्यांनी कुलूप खिशात टाकलं. “सरी. बेग, बेग!” चला, पण लवकर.

आत गोल गोल जिना. गार, अंधारा, तेलाच्या वासाचा. आई एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने नारळ सांभाळून चढत होती. गुडघा कुरकुरला की “अगं आई गं” म्हणायची आणि पुढचं पाऊल टाकायची. मी म्हटलं, “नारळ तरी दे माझ्याकडे.” तर म्हणे, “राहू दे. माझा आहे.” शेवटची शिडी तर उभीच होती. खालून मी तिला अक्षरशः ढकललं. दोघींना इतकं हसू येत होतं की मधेच थांबावं लागलं.

आणि आम्ही वर आलो. वारा असा की पदर उभा राहिला. समोर सगळा समुद्र, सोनेरी झालेला, लांबवर होड्या. मी “आई, बघ, बघ” करत होते. पण ती समुद्राकडे बघतच नव्हती. ती गर्रकन वळून दुसऱ्या बाजूला गेली आणि कठड्यावरून खाली पुळणीकडे बघायला लागली.

माणसं दिसत होती. सुरूच्या झाडांखाली आमचं मंडळ, सतरंज्यांवर. पोरं वाळूत. कुणी बसलेलं, कुणी चालणारं. हात? हात कसला दिसतोय! एवढ्या माणसांत वर कुणी बघतच नव्हतं, तर हात कोण हलवणार? मी जीव खाऊन हाका मारल्या. वाऱ्याने त्या उलट माझ्याच तोंडात कोंबल्या. आईचा चेहरा हळूहळू उतरला.

“असू दे,” ती म्हणाली. “बोटीच बघत असतील ते.”

मला रडू कोसळायच्या बेतात होतं. तेवढ्यात वाळूतून एक माणूस धावत येताना दिसला. पांढरा शर्ट, दुमडलेली पँट. खडकापाशी येऊन तो थांबला, मान वर केली, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन असे काही हलवायला लागला की विचारू नका. ते बाबा होते!

“अगं, हे!” आई किंचाळली. “अगं, दिसतो! दिसतो गं, हात हलवलेला दिसतो! बोटंसुद्धा दिसतात!” आणि तिने नारळासकट हात वर केला आणि हलवायला लागली. तिकडून बाबांनी जोर वाढवला. हिने वाढवला. ते उड्या मारायला लागले. हीही मारायला लागली, त्या गुडघ्यांनी! आमच्यामागे वर आलेले ते दीपगृहवाले अण्णा हे बघून मनापासून हसले आणि त्यांनीही खाली एकदा हात केला. आई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. वाऱ्याने ते कानापर्यंत जात होतं. मी तिला इतकं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं. अजूनही ती आठवली की मला ती तशीच आठवते, केस उडालेली, हातात नारळ.

खाली उतरलो तर बाबा लालबुंद.

“अगं, काय चाललं होतं? मी केव्हाचा ‘खाली या, खाली या’ करतोय! बस निघाली म्हणतायत, आणि तू कठड्यावरून वाकलेली! माझा जीव नुसता वरखाली होत होता. आणि वर हात काय हलवतेस?”

आईने हातातल्या नारळाकडे पाहिलं. मग तिला जे हसू लोटलं ते बसपर्यंत आवरेना. बसमध्ये सेक्रेटरीकाकांनी तिला सुनावायला तोंड उघडलं, तर तिने त्यांच्या हातात वेलदोड्याची पुडी ठेवली आणि म्हणाली, “भाऊजी, मिठावर फार छान बोललात.” ते विरघळले.

घाट लागला. दिवे मालवले. बाबा दरीकडच्या खिडकीपासून अंग चोरून बसले होते. आईने त्यांना हळू आवाजात पुळणीची, दिव्याची, त्या परकरी पोरीची सगळी गोष्ट सांगितली. मी मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते. बाबा म्हणाले, “मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कुठे विचारलंत?” आई म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली.

सोमवारी सकाळी नेहमीसारखीच धांदल. बाबांचा डबा, बाबांचे मोजे, बाबांची कुरकुर. ते जिना उतरून गेले आणि आई गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी आत दात घासत होते. आई तशीच उभी आहे, आत येत नाही, म्हणून मी तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आले.

बाबा कोपऱ्यावर थांबले होते. शेजारून कारखान्यातले दोनतीन जण जात होते, त्यांच्याकडे न बघता ते चक्क मागे वळले. मान वर केली. आणि डबा धरलेला हात वर नेऊन, जरा अवघडून, एकदा इकडे आणि एकदा तिकडे हलवला.

आई कठड्यावरून ही एवढी वाकली आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “दिसतो हो, दिसतो!”